टायर : एका बेटाचा इतिहास

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, लेबानन देशांत, बैरुटच्या दक्षिणेस सुमारें पन्नास मैलांवर सूर नांवाचें एक शहर आहे. किनाऱ्यापासून निघालेली जमिनीची एक रुंद जीभ समुद्रांत शिरते आणि तिच्या टोंकास जुनी वस्ती आहे. त्या जिभेवरून रस्ते गेले आहेत, घरें उभीं आहेत, मोटारी धांवतात. आपण पूर्वींच्या समुद्रावरून चालत आहों अशी शंकाहि नवख्या प्रवाशाच्या मनांत येण्याचें कारण नाहीं. परंतु इंग्रजी इतिहासांतील 'टायर' आणि मराठी बायबलांतील 'सोर' तें हेंच. मूळ फिनिशियन नांवाचा अर्थ 'खडक' असा आहे आणि तें नांव यथार्थ होतें, कारण इ. स. पू. ३३२ पर्यंत हें शहर किनाऱ्यापासून सुमारें अर्धा मैल दूर, चोहोंकडून समुद्रानें वेढलेल्या एका खडकाळ बेटावर होतें.

हा अर्धा मैल पाण्याचा पट्टा कसा नाहींसा झाला, हें ग्रीक इतिहासाचें एखादें लहानसें पुस्तक वाचलेला विद्यार्थीहि सांगूं शकेल. शिकंदरानें तेथें बांध घातला, शहर घेतलें आणि टायरचा इतिहास संपला. पाणी होतें तोंवर शहर अजिंक्य होतें, पाणी गेलें आणि शहरहि गेलें, असें तिचें सार आहे. कथा सुटसुटीत असली म्हणजे ती तपासून पाहण्याची इच्छा कोणास होत नाहीं. आमच्या मतें ह्या साराचीं दोन्ही अंगें लंगडीं आहेत. पाण्यानें टायरला अजिंक्य केलें नव्हतें, आणि बांधानें टायरला मारिलेंहि नाहीं. मग ह्या शहराला इतकीं शतकें जगविलें कोणीं, आणि अखेरीस मारिलें कोणीं, ह्याचा थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकाच्या मध्यास टायर येथें आला होता. मेल्कार्त ह्या नगरदेवतेच्या देवालयांत त्यानें दोन स्तंभ पाहिले. एक शुद्ध सोन्याचा आणि दुसरा रात्रीं चमकणाऱ्या पाचूचा, असें तो लिहितो. देवालय किती जुनें आहे असें त्यानें पुजाऱ्यांस विचारिलें, तेव्हां तें शहराइतकेंच जुनें असून शहरास २३०० वर्षें झालीं, असें उत्तर मिळालें. क्षेत्राच्या प्राचीनत्वाविषयीं पुजारी जें सांगतात तें निम्मेशिम्में धरावें, हा आपल्याकडील अनुभव आहे. परंतु अर्वाचीन उत्खननांत बेटावरील वस्तीचे सर्वांत खालचे थर ख्रिस्तपूर्व तिसऱ्या सहस्रकांतले निघाले, आणि पुजाऱ्यांचा हिशेब फारसा चुकलेला नव्हता असें ठरलें.

बेटाचें सामर्थ्य आणि बेटाची अडचण हीं दोन्ही किती जुनीं आहेत, हें एका अनपेक्षित साधनावरून कळतें. इ. स. १८८७ मध्यें ईजिप्त देशांत अमार्ना येथें मातीच्या भाजक्या फलकांवर लिहिलेला एक मोठा पत्रसंग्रह सांपडला. त्यांत टायरचा राजा अबिमिल्कु यानें ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकांत ईजिप्तच्या सम्राटास पाठविलेलीं पत्रें आहेत. त्यांतील मुख्य गाऱ्हाणें असें कीं, सिडॉनच्या राजानें समोरच्या किनाऱ्यावरील उशू हें गांव बळकाविलें आहे. त्यामुळें बेटावर प्यावयास पाणी नाहीं, जाळावयास लांकूड नाहीं, आणि मेलेल्यांस पुरावयास जागाहि नाहीं. तरी सम्राटानें कृपा करून शिपाई पाठवावे. एका राजाचीं हीं पत्रें वाचून मन द्रवतें; परंतु त्यांतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. ज्या पाण्यामुळें शत्रूस बेटावर येतां येत नसे, त्याच पाण्यामुळें बेटावरील माणसांस विहिरीवर जातां येत नसे. खारें पाणी त्यांचें रक्षण करी, पण त्यांची तहान भागवीत नसे.

अशा शहरानें जगावें कसें? ह्याचें उत्तर ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकांत होऊन गेलेल्या हीराम राजाच्या चरित्रांत मिळतें. टायरच्या दफ्तरांत वर्षवार नोंदी ठेवण्याची चाल होती. तीं दफ्तरें आज नाहींत. परंतु त्यांच्या आधारें मिनँडर नामक ग्रीक लेखकानें लिहिलेल्या ग्रंथांतील कांहीं उतारे जोसेफस ह्या यहुदी इतिहासकारानें जपून ठेविले आहेत. त्यांवरून असें दिसतें कीं, हीरामानें शहराच्या पूर्वेस समुद्रांत भर घालून जागा वाढविली, आणि जवळच्या एका बेटावर एकटेंच असलेलें देवालय मधली जागा भरून शहरास जोडून घेतलें. समुद्र बुजवून जमीन करण्याची विद्या टायरला शिकंदरानें शिकविली असें नव्हे. ती टायरची घरचीच विद्या होती. त्याच हीरामानें जेरुसलेमच्या शलमोन राजास देवालय बांधण्यासाठीं लेबाननचे देवदार आणि कसबी कारागीर पुरविले आणि मोबदल्यांत गहूं व तेल घेतलें. पुढें शलमोनानें गालील प्रांतांतील वीस गांवें त्यास दिलीं, तीं हीरामास पसंत पडलीं नाहींत, असेंहि बायबल सांगतें. हा व्यवहार टायरच्या साऱ्या इतिहासाचा नमुना आहे. ज्या शहराजवळ शेत नाहीं, त्यास शेजाऱ्याच्या शेतावर जगावें लागतें. आणि शेजाऱ्यानें आनंदानें जगूं द्यावें, तर त्यास हवेंसें वाटणारें कांहीं तरी आपल्या पदरीं असावें लागतें.

टायरच्या पदरीं तीन गोष्टी होत्या : रंग, गलबतें आणि अक्षरें.

टायरचा जांभळा रंग हा प्राचीन जगांतील ऐश्वर्याची खूण होता. तो समुद्रांतील एका जातीच्या कांटेरी शंखांतील प्राण्यापासून काढीत. प्रत्येक प्राण्याच्या अंगांत एक लहानशी पिशवी असते. तिच्यांतील रस प्रथम फिकट असतो आणि हवेंत व उजेडांत ठेविल्यावर हळूहळू जांभळा होतो. इ. स. १९०९ मध्यें फ्रीडलेंडर नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें असे १२,००० प्राणी घेऊन त्यांपासून शुद्ध रंग काढिला, तो अवघा १.४ ग्रॅम भरला. त्यास असेंहि आढळलें कीं, आपल्या परिचयाच्या निळीच्या रेणूंत ब्रोमिनचे दोन अणु बसविले असतां जो पदार्थ होतो तोच हा रंग होय. निसर्गानें झाडाच्या पानांत आणि समुद्राच्या शंखांत एकाच घराण्याचे दोन रंग ठेवावे, हें मोठें नवल आहे. ह्या रंगाची किंमत किती होती, तें रोमन सम्राट डायोक्लीशियन यानें इ. स. ३०१ मध्यें काढलेल्या भावांच्या जाहीरनाम्यावरून समजतें. जांभळ्या रंगानें रंगविलेल्या एका पौंड रेशमाचा भाव त्यांत १,५०,००० दिनार दिलेला असून शेतमजुराची रोजची मजुरी, जेवण वेगळें धरून, २५ दिनार दिलेली आहे. म्हणजे एवढ्या रेशमासाठीं मजुरानें ६,००० दिवस राबावयास पाहिजे! रोमच्या उमरावांस ह्या वस्त्रांचा थाट दिसत असे. टायरच्या रहिवाशांस मात्र त्यांचा वास येत असे. रंगाच्या कारखान्यांनीं शहर राहावयास त्रासदायक पण धनाढ्य केलें आहे, असें स्ट्रॅबो ह्या भूगोलकारानें नमूद करून ठेविलें आहे. बेटावर जागेची टंचाई इतकी कीं, येथील घरांस रोममधील घरांपेक्षांहि अधिक मजले आहेत, असें तोच सांगतो.

दुसरी गोष्ट गलबतांची. बेटास दोन बंदरें होतीं. उत्तरेकडचें सिडॉनच्या दिशेस आणि दक्षिणेकडचें ईजिप्तच्या दिशेस उघडणारें. येथून निघालेले खलाशी सायप्रस, सिसिली, आफ्रिकेचा उत्तर किनारा असे मुक्काम करीत स्पेनच्या पलीकडल्या महासागरापर्यंत पोंचले, आणि त्या महासागराच्या तोंडाशीं त्यांनीं गादिर, म्हणजे आजचें काडिझ, हें ठाणें वसविलें. परंपरेप्रमाणें इ. स. पू. ८१४ मध्यें टायरची राजकन्या एलिसा ही भावाच्या जुलमास कंटाळून कांहीं लोकांसह निघाली आणि तिनें आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज हें नगर स्थापिलें. पुढें कार्थेज आईहून थोर झालें, रोमशीं टक्कर देण्याइतकें बलाढ्य झालें. तरीहि मेल्कार्ताच्या पूजेसाठीं तेथून टायरला भेट घेऊन प्रतिनिधि येत. सासरीं नांदणाऱ्या लेकीनें माहेरचें कुलदैवत विसरूं नये, तशापैकींच हें होतें.

तिसरी गोष्ट अक्षरांची. परंतु तिचें श्रेय एकट्या टायरचें नसून सर्व फिनिशियन नगरांचें आहे. बावीस व्यंजनांची त्यांची सुटसुटीत वर्णमाला ग्रीकांनीं उचलली आणि तिला स्वरांची जोड दिली. ग्रीक दंतकथेंत हीं अक्षरें आणणारा कॅडमस हा फिनिशियन राजपुत्रच आहे. त्याच वर्णमालेपासून अरमाइक लिपि झाली आणि अरमाइकवरून आपल्या वायव्य सरहद्दीवरची खरोष्ठी, जिच्यांत अशोकाचे शाहबाझगढी व मानसेहरा येथील शिलालेख कोरलेले आहेत. परंतु दैवाचा खेळ असा कीं, ज्यांनीं जगास लिहावयास शिकविलें त्यांचा स्वतःचा एकहि ग्रंथ आज शिल्लक नाहीं. टायरविषयीं आपणांस जी माहिती आहे ती बव्हंशीं तिचे शत्रु, गिऱ्हाईक आणि मत्सरी यांच्या तोंडची आहे. म्हणून ती वाचतांना, दुकानदाराचें चरित्र त्याच्या कुळांनीं लिहिलें आहे, हें विसरूं नये.

ह्या तीन भांडवलांवर टायरनें मोठमोठ्या साम्राज्यांशीं कसें वर्तन ठेविलें, हा आतां मुख्य प्रश्न आहे. असुरिया, बाबिलोन, इराण अशा तीन सत्ता एकामागून एक त्या किनाऱ्यावर आल्या. असुरियाच्या राजांस टायर सामान्यतः खंडणी देई. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकांत शाल्मनेसर राजाशीं बिघाड झाला, तेव्हां त्यानें इतर फिनिशियन नगरांचीं साठ गलबतें टायरवर घातलीं. टायरच्या बारा गलबतांनीं तीं उधळून लाविलीं आणि पांचशें कैदी धरिले. मग राजानें किनाऱ्यावरील नदी व पाटबंधारे यांवर पहारे बसविले. अबिमिल्कूची जुनी व्यथा पुनः उभी राहिली. परंतु ह्या वेळीं लोकांनीं बेटावरच विहिरी खणल्या आणि पांच वर्षें तें पाणी पिऊन काढलीं. पुढें बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरानें तेरा वर्षें वेढा घातला. शहर सर्वस्वीं नष्ट होईल असें भविष्य यहेज्केल ह्या संदेष्ट्यानें मोठ्या आवेशानें वर्तविलें होतें. परंतु एवढें करूनहि राजाच्या पदरीं टायरकडून कांहीं पडलें नाहीं, प्रत्येक शिपायाच्या डोक्याचे केंस आणि खांद्याची कातडी मात्र गेली, असें त्याच यहेज्केलाच्या ग्रंथांत पुढें आलें आहे. अखेरीस तडजोड होऊन टायरनें बाबिलोनचें वर्चस्व मान्य केलें.

इराणच्या अमदानींत तर फिनिशियन गलबतें हेंच त्या साम्राज्याचें आरमार होतें. ईजिप्त जिंकल्यावर कंबुजीय बादशहानें कार्थेजवर स्वारी करण्याचा हुकूम दिला, तेव्हां आमच्या मुलांवर आम्ही शस्त्र उचलणार नाहीं, असें फिनिशियनांनीं साफ सांगितलें. बादशहानें त्यांवर सक्ति केली नाहीं, बेत सोडून दिला. अर्ध्या जगाच्या धन्यास नकार देण्याचें बळ त्यांस समुद्रानें दिलें होतें, हें खरें; पण त्याचा अर्थ बेटाभोंवतींचें पाणी असा नव्हे. त्यांच्यावांचून बादशहाचें चालत नव्हतें, हें तें बळ होतें. प्रत्येक संकटांत टायरनें थोडें दिलें, थोडें राखिलें आणि शेवटीं सौदा केला. पाण्याचा पट्टा सौद्यास अवसर मिळवून देई. सौद्याची जागा घेई असें नाहीं.

इ. स. पू. ३३२ मध्यें शिकंदर आला तेव्हां टायरनें हाच जुना सौदा पुढें मांडिला. तुमच्या इतर सर्व आज्ञा मान्य. परंतु इराणी किंवा मॅसिडोनियन यांपैकीं कोणासहि शहरांत घेणार नाहीं, असें त्यांनीं कळविलें. मेल्कार्त म्हणजेच आपला पूर्वज हेराक्लीस, त्यास बलि अर्पण करावयाचा आहे, असें निमित्त करून शिकंदर आंत येऊं पाहत होता. तेव्हां किनाऱ्यावरील जुन्या टायरमध्यें देवालय आहेच, तेथें पूजा करावी, असें त्यांनीं सुचविलें. उत्तर चतुर होतें, पण माणूस ओळखण्यांत चूक झाली. हा गिऱ्हाईक भाव करण्यास आला नव्हता. पाठीमागें इराणचें आरमार शिल्लक असतां ईजिप्तकडे जावयाचें नाहीं, आणि टायरचीं बंदरें घेतल्यावांचून तें आरमार मोडत नाहीं, असा त्याचा हिशेब होता.

मग तो प्रसिद्ध बांध सुरू झाला. किनाऱ्यावरील जुनें टायर पाडून दगड काढिले, लेबाननच्या डोंगरांतून लांकूड आणिलें आणि पाण्यांत भर पडूं लागली. किनाऱ्याजवळ उथळ चिखल होता, तेथें काम झपाट्यानें झालें. शहराजवळ पाणी खोल, तेथें तटावरून बाणांचा वर्षाव होऊं लागला. बांधाच्या टोंकास शिकंदरानें दोन लांकडी बुरूज उभे केले. टायरकरांनीं एक मोठें गलबत राळ, गंधक व काटक्यांनीं भरून, वारा साधून, बुरुजांवर नेऊन पेटविलें आणि दोन्ही बुरूज जाळून टाकिले. आमच्या वाचकांस येथें जंजिऱ्याचें स्मरण होईल. इ. स. १६८२ मध्यें संभाजी महाराजांनींहि किनारा व जंजिरा यांमधील पाणी दगडांनीं भरून काढण्याचा उद्योग आरंभिला होता. मोगलांची फौज कोंकणांत उतरल्यामुळें तो अर्धा टाकून त्यांस परतावें लागलें. शिकंदराच्या पाठीवर त्या वेळीं असा शत्रु नव्हता, आणि हा फरक लहान नव्हे.

परंतु टायर ह्या बांधावरून पडलें काय? एरियनचा वृत्तांत लक्षपूर्वक वाचला तर उत्तर नाहीं असें आहे. बांधासमोरचा तट सुमारें दीडशें फूट उंच व भक्कम चुनेगच्ची होता. तेथें यंत्रांचें कांहीं चालेना. निर्णायक गोष्ट घडली ती सिडॉन येथें. इराणी आरमारांतील फिनिशियन राजे, आपलीं शहरें शिकंदराच्या हातीं गेलीं असें कळतांच, त्याची नोकरी सोडून आले. सुमारें ८० गलबतें त्यांचीं, १२० सायप्रसच्या राजांचीं आणि इतर कांहीं, असें दोनशेंहून अधिक गलबतांचें आरमार कांहीं दिवसांत शिकंदराजवळ जमलें. तें पाहून टायरनें आपलीं बंदरें मिटून घेतलीं. आतां भिंत फोडण्याचीं यंत्रें गलबतांवर चढवून बेटाच्या सभोंवार फिरवितां येऊं लागलीं, आणि अखेर दक्षिणेकडचा, समुद्राकडील तट कोसळला. शिकंदर शहरांत शिरला तो बांधावरून नव्हे, तर गलबतांवरून टाकलेल्या पुलांवरून. सात महिन्यांचा वेढा असा संपला. ज्या समुद्रानें टायरला सहस्र वर्षें राखिलें, तो समुद्रच त्या दिवशीं परक्याचा झाला होता.

पुढें जें झालें तें लिहितांना लेखणी जड होते. एरियनच्या मतें सुमारें ८,००० टायरकर मारले गेले आणि ३०,००० माणसें गुलाम म्हणून विकलीं गेलीं. २,००० लोकांस समुद्रकिनाऱ्यावर क्रुसावर चढविलें, असें कर्टियस लिहितो. तोच लेखक आणखी एक गोष्ट सांगतो, ती आम्हांस ह्या सर्व प्रकरणांत अतिशय मोलाची वाटते. शिकंदराच्या बाजूनें लढावयास आलेल्या सिडॉनकरांनीं १५,००० टायरकरांस गुपचुप आपल्या गलबतांत लपवून वांचविलें. ज्या शेजाऱ्याविरुद्ध अबिमिल्कूनें गाऱ्हाणें केलें होतें, ज्याच्या आरमारामुळें शहर पडलें, तोच शेजारी शेवटच्या घटकेस भाऊबंद ठरला. आंकडा थोडाफार फुगलेला असूं शकेल. पण टायर पुनः वसलें, आणि तें अशा वांचलेल्या माणसांवांचून वसणें शक्य नव्हतें.

होय, टायर पुनः वसलें. आणि येथेंच आमच्या पाठ्यपुस्तकांचें बोट सुटतें. अवघ्या सतरा वर्षांनीं शिकंदराचा सेनापति अँटिगोनस यानें ह्या 'संपलेल्या' शहरास वेढा घातला, तेव्हां पायाखालीं बांध तयार असूनहि त्यास सव्वा वर्ष खोळंबावें लागलें. इ. स. पू. १२६ पासून टायरनें स्वतंत्र नगर म्हणून आपला शक चालू केला आणि मेल्कार्ताच्या मुखवट्याचीं रुप्याचीं नाणीं पाडिलीं. चांदीच्या शुद्धतेबद्दल त्या नाण्यांची अशी ख्याति होती कीं, जेरुसलेमच्या देवालयाची वार्षिक पट्टी त्यांत घेत असत. मूर्तिपूजेचा तिटकारा करणाऱ्या देवालयांत मूर्ति कोरलेलें नाणें चाललें! उपयुक्त वस्तूपुढें माणसाचा कट्टरपणा किती मऊ होतो, ह्याचें हें उत्तम उदाहरण आहे.

मधल्या काळांत समुद्र राजाचें उरलेलें काम पुरें करीत होता. फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञांनीं इ. स. २००७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या संशोधनावरून असें दिसतें कीं, बेटाच्या आडोशामुळें किनारा व बेट यांमध्यें शतकानुशतकें वाळू सांचत होती, आणि शिकंदर आला तेव्हां तेथें पाण्याखालीं एक-दोन मीटरांवरच वाळूचा दांडा होता. शिकंदरानें त्या दांड्याच्या पाठीवर बांध घातला. बांधानें प्रवाह अडविला, दोहों बाजूंस वाळू बसत गेली, आणि अर्ध्या मैलाच्या पाण्याची कायमची जमीन झाली. रोमन लोकांनीं तिचा पुरता उपयोग केला. तिच्या किनाऱ्याकडील टोंकास त्यांनीं फरसबंद रस्ता, कमान आणि रथांच्या शर्यतींचें विस्तीर्ण मैदान बांधिलें, त्यांचे अवशेष आजहि पाहावयास मिळतात.

ह्या दुसऱ्या, जमिनीला जोडलेल्या टायरनें जगास माणसें दिलीं. रोमन कायद्याचा आधारस्तंभ अल्पियन हा आपलें मूळ टायरचें म्हणून अभिमानानें सांगतो. तत्त्वज्ञ पॉर्फिरी हा येथलाच. त्याच्या नांवाचा अर्थच जांभळा असा आहे, आणि मांसाहारत्यागावरील आपल्या ग्रंथांत त्यानें हिंदुस्थानांतील ब्राह्मण व श्रमण यांच्या आचाराचें वर्णन आदरानें केलें आहे. भूगोलज्ञ मॅरिनस हाहि टायरचाच. त्याचा ग्रंथ नष्ट झाला, पण टॉलेमीनें आपला भूगोल बराचसा त्यावर उभारिला आणि जागोजाग त्याच्या चुका दाखविल्या. त्यांतील एक चूक आमच्या घरची आहे. मॅरिनसनें सिमिल्ला हें बंदर सिंधुनदीच्या मुखाच्या पश्चिमेस दाखविलें होतें. तेथें जाऊन आलेल्या खलाशांच्या व व्यापाऱ्यांच्या माहितीवरून टॉलेमी म्हणतो कीं, तें पश्चिमेस नसून दक्षिणेस आहे आणि तेथील लोक त्यास तिमुला म्हणतात. हें सिमिल्ला म्हणजे आपलें कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या रायगडांतील, चौल होय, असें विद्वान् मानतात. टायरच्या एका पंडिताच्या नकाशांत चौलास जागा मिळाली, मग ती चुकीची कां असेना!

मध्ययुगांत हेंच जुनें सूत्र पुनः दोनदां अनुभवास आलें. धर्मयुद्धांच्या काळांत इ. स. ११२४ मध्यें ख्रिस्ती सैन्यानें टायर घेतलें, तें व्हेनिसच्या आरमारानें समुद्र अडविल्यामुळें. व्हेनिसनें मोबदल्यांत शहराचा तिसरा हिस्सा मिळविला. पुढें ११८७ मध्यें सलाहुद्दीनानें जेरुसलेम जिंकून टायरवर मोर्चा फिरविला. आतां मध्यें पाणी नव्हतें, त्याचें सैन्य वाळूवरून थेट तटास भिडूं शकत होतें. तरी शहर पडलें नाहीं. कारण वर्षाच्या अखेरीस शहराच्या गलबतांनीं सुलतानाच्या आरमाराचा पराभव केला आणि त्यास वेढा उठवावा लागला. म्हणजे पाणी मध्यें असतांना ३३२ मध्यें शहर पडलें, आणि पाणी मध्यें नसतांना ११८७ मध्यें तें टिकलें. दोन्ही वेळां प्रश्न एकच होता : समुद्रावर गलबतें कोणाचीं?

शेवटीं मरण आलें तें १२९१ मध्यें, आणि तें वेढ्यावांचून आलें. ईजिप्तच्या ममलूक सुलतानानें एकर हें ख्रिस्ती लोकांचें ठाणें घेतल्याची बातमी येतांच टायरमधील लोक गलबतांत बसून निघून गेले. युरोपांतून पुनः कोणी समुद्रावाटे येऊन पाय रोवूं नये, म्हणून सुलतानानें ह्या किनाऱ्यावरील तट पाडून टाकिले. शिकंदरास टायरचें बंदर हवें होतें, म्हणून कत्तलीनंतरहि शहर पुनः उभें राहूं शकलें. ममलूकांस तें बंदर नकोच होतें, म्हणून रक्ताचा थेंब न सांडतां तें ओसाड झालें. चौदाव्या शतकांत इब्न बतूता येथें आला, तेव्हां ह्या नगरीचें दुर्भेद्यत्व म्हणीसारखें तोंडीं राहिलें होतें आणि जागेवर पडके अवशेष होते. अठराव्या शतकांत पुनः वस्ती झाली, तीहि लहान प्रमाणावर.

अलीकडच्या काळांत रेनाँ ह्या फ्रेंच पंडितानें १८६०-६१ मध्यें येथें शोध केला. १९४७ पासून मोरिस शेहाब यांनीं मोठें उत्खनन चालविलें. १९८४ मध्यें युनेस्कोनें हें स्थळ जागतिक वारशांत दाखल केलें. १९७५ मध्यें सुरू झालेल्या लेबाननच्या यादवी युद्धानें उत्खननांत खंड पाडिला, आणि २०२४ च्या शरदांत इस्रायलच्या विमानांनीं शहरांतील वस्त्यांवर बाँब टाकिले, तेव्हां हजारों लोकांस घरें सोडून जावें लागलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत युनेस्कोनें लेबाननमधील ३४ प्राचीन स्थळांस विशेष संरक्षण जाहीर केलें, त्यांत टायरचें नांव आहे.

टायरचा इतिहास वाचून, मोठ्या सत्तांच्या शेजारीं राहणाऱ्या लहान समाजानें काय शिकावें, असा प्रश्न मनांत येतो. भिंत, खंदक, समुद्र ह्या गोष्टी लहानांस वेळ मिळवून देतात. आयुष्य देत नाहींत. आयुष्य मिळतें तें आपल्यावांचून दुसऱ्याचें अडावें अशा कसबांतून आणि शेजाऱ्याशीं राखलेल्या नात्यांतून. टायरला विहिरींनीं पांच वर्षें तारिलें, तटानें सात महिने तारिलें. परंतु तिचा वंश उरला तो सिडॉनच्या गलबतांत लपलेल्या माणसांमुळें.

उत्तरेकडील प्राचीन बंदराचा बराच भाग आज घरांखालीं दबला आहे. जो उरला आहे, त्यांत मासेमारीच्या होड्या नांगरलेल्या असतात. दक्षिणेच्या वाळूवर समुद्राच्या लाटा अजून येतात आणि प्रत्येक लाट मूठभर वाळू आणून टाकते. शिकंदराचे मजूर काम सोडून गेले, त्यास तेवीस शतकें लोटलीं. समुद्रानें मात्र तें काम अद्यापि थांबविलेलें नाहीं.